माझ्या मानेला काहीही झालेलं नाही

१४ एप्रिल १९९६, सकाळी

आजपासून रोजनिशी. डायरी गेल्या सालची आहे, एका साडीवाल्या शेठने दिवाळीत वाटलेली. छापलेल्या तारखा खोडून माझ्या घालतो आहे. ही कोणी वाचायची नाही.

संकल्प: यंदा लग्न. अधिक महिना लागायच्या आत. म्हणजे अधिकात जावई म्हणून सासरी धोंड्याचं जेवण, चांदीचं काहीतरी, अनारसे. प्लॅनिंग असावं तर असं.

पोझिशन चांगली आहे. सुरतेत बमरोलीला लूमच्या कारखान्यात मी ताका-चेकर. विणून आलेला कापडाचा प्रत्येक ताका आधी माझ्या टेबलावरून सरकतो. डाग, तुटका धागा, तेलाचा ठिपका, भूपेंद्रच्या नजरेतून काही सुटत नाही. शिवाय मी मूळचा सायन्सचा माणूस. अमळनेरला एफ. वाय. पर्यंत होतो. बेडूक उघडला, आणि घरची परिस्थिती आडवी आली. (बायलॉजीत नापास झालो हेही एक कारण, पण मुख्य नाही.)

मुलगी: धनश्री, भेस्तानच्या दगामामांची. मामा आमच्याच बाजूचे, मिलमध्ये बॉयलरवर असतात. मुलगी बारावी पास. घरी साड्यांवर टिकल्या लावायचं काम करते. फोटो पाहिला. मला पसंत आहे, म्हणजे अर्धं काम झालंच.

ता. क. मानेला डाव्या बाजूने खाजतं आहे. आठाण्याएवढं गोल. घामोळं.

१७ एप्रिल

घामोळं ग्लुकोजच्या बिस्किटाएवढं झालं. कडा लाल, मध्ये कातडी साफ. मधून साफ म्हणजे बरं होत आलं आहे, हे शेंबडं पोर पण सांगेल.

बन्सीलाल म्हणतो त्याला कमरेला तसंच उठलंय. बन्सीलाल म्हणजे माझा खोलीतला पार्टनर, वाशीमकडचा. आमची खोली एक, गादी एक, पण आम्ही तिच्यावर कधी एकत्र झोपलेलो नाही. मी दिवसपाळी, तो रातपाळी. मी उठून गेलो की तो आडवा होतो. गादीला गार व्हायला वेळच मिळत नाही. सुरतेत अशा खोल्या घरोघरी आहेत.

बन्सीलाल म्हणतो, हे तुह्याकडूनच आलं बे, तुले आधी झालं. मी त्याला समजावलं की झोपताना जंतू गादीत उतरतात, आणि दिवसा ऊन असल्यामुळे त्यांची वाढ जास्त, म्हणजे दिवसा झोपणारा तोच मूळ. तो उठून गादी झटकायला लागला. पटलं असणार.

१८ एप्रिल

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाल्यावर रविवारी दगामामा आणि शोभामामी खोली बघायला येणार. आणि मान अशी! कॉलर वर करून बघितली. गुंडासारखं दिसतं. खाली केली तर बिस्किट दिसतं.

मेडिकलवाल्या जिग्नेशभाईंना दाखवलं. लांबूनच बघून म्हणाले, दादर छे, बे दिवसमां मटी जशे, म्हणजे दोन दिवसांत जाईल. एक ट्यूब दिली. तिच्यात तीन-चार औषधं एकत्र आहेत म्हणे, सगळ्या चामडीच्या रोगांचा बाप. दादर म्हणजे गजकर्ण. त्यांचं निदान चुकलं आहे, मला घामोळंच आहे, पण ट्यूब घेतली. रोगाला थोडंच माहीत असतं त्याचं नाव काय.

२० एप्रिल, आखाजी

चमत्कार! लाली गेली. खाज गेली. मान गुळगुळीत. ट्यूब लावायचं बंद केलं. रोग गेल्यावर औषध लावणं म्हणजे पाऊस थांबल्यावर छत्री धरून फिरणं.

बन्सीलाल उधन्याला स्किनच्या डॉक्टर मॅडमकडे जाऊन बसला आज. एवढ्या तेवढ्याला डॉक्टर! अडाणी माणसाला घाबरायला काहीही पुरतं.

२१ एप्रिल, संध्याकाळी

कार्यक्रम झकास झाला.

मामा-मामी अकराला आले. खोली मी आणि बन्सीलालने पहाटेपासून धुतली. (त्याने धुतली, मी देखरेख केली.) मामांनी विचारलं, गाववाले किती आहेत, कारखान्यात मान आहे का. मी म्हटलं, शेठसुद्धा मला विचारल्याशिवाय ताका बाहेर काढत नाही. मामांनी मान डोलावली. मामी मात्र माझ्या मानेकडेच बघत होत्या. म्हणाल्या, तुनी मानले काय व्हयनं रे भाऊ? पुसटसं वर्तुळ राहिलं होतं ना, उन्हात दिसलं असणार.

मी प्रसंगावधान राखलं. म्हटलं, मामी, माझं घामोळं आहे, पण खोलीत जो राहतो ना बन्सीलाल, त्याला गजकर्ण आहे. त्याच्यापासून मी चार हात लांब असतो. मामींनी कपाळाला हात लावला. बिचारा बन्सीलाल तेव्हा चहा आणायला गेला होता.

निघताना, बन्सीलाल चहाचे कप परत द्यायला गेला तेव्हा, टॉवेल-टोपी. आपल्यात पाहुण्याला रिकाम्या खांद्याने कसं पाठवायचं? टोपी कोरी होती. टॉवेल आमच्या गावच्या चिंधाच्या लग्नात मला मिळालेला, हिरव्या काठाचा, मध्ये थोडे दिवस दोरीवर वापरात होता. पण मी कपड्याचा माणूस. धुऊन, तांदळाच्या पेजेत घालून, इस्त्री मारून अशी घडी घातली की दुकानदारानेही परत ठेवून घेतला असता. आपल्या लोकांत टॉवेल असाच फिरतो, कोणी कोणाला विचारत नाही.

मामांनी लगेच मानेभोवती घेतला, घाम पुसला आणि म्हणाले, मऊ शे. मी मनात म्हटलं, मऊ असणारच.

पुढच्या महिन्यात मुलगी बघायला बोलावलं आहे.

२९ एप्रिल

घामोळं परत आलं. आता वर्तुळाच्या बाहेर दुसरं वर्तुळ. ट्यूब लावली, गेलं. बंद केली, आलं. परत लावली, गेलं. आता काखेतही. ताक्यावर अशी डिझाइन आली असती तर मी लूमवाल्याला उभं केलं असतं.

बन्सीलालची मॅडम त्याला म्हणाली की ही बुरशी असते. शिळ्या भाकरीवर येते तिच्याच जातीची. ओल, घाम आणि घट्ट कपडा हे तिचं खाणं. चादर, टॉवेल, चड्डी-बनियन उकळून कडक उन्हात वाळवायचं, कोणाचा टॉवेल कोणी घ्यायचा नाही, वर्तुळाच्या बाहेरपर्यंत मलम लावायचं, आणि दिसेनासं झालं तरी पुढे कितीतरी दिवस लावतच राहायचं. आणि खोलीतल्या सगळ्यांनी एकदमच उपचार घ्यायचा. म्हणून तो मला म्हणतो, चाल ना राजा माह्यासंग.

मी गेलो नाही. माझ्यावर बुरशी यायला मी काय भाकरी आहे?

तर त्याने पातेल्यात चादर उकळली, स्वतःसाठी चटई आणली आणि खाली झोपायला लागला. मला हे लागलं. पण एक बरं, गादी सोडून चटईवर गेला म्हणजे त्याने गुन्हा कबूल केला.

६ मे

शास्त्रीय विचार केला. जंतू म्हणजे जंतू. बाहेरून मरत नसतील तर आतून मारायचे. गेल्या वर्षी दाढ सुजली तेव्हाच्या लाल-पिवळ्या कॅप्सूल उरल्या होत्या. सकाळ-संध्याकाळ चालू. जिग्नेशभाईंकडून अजून एक पाकीट आणलं. हेवी डोस.

११ मे

मान तशीच. पण जीभ पांढरी झाली. दह्याची कवडी बसावी तशी. गालाच्या आतूनही. पोट साफ होत असल्याचं लक्षण असावं. आतली घाण वर येते आहे.

दुपारी चमच्याने खरवडली. रक्त आलं. चहा घेतला तर डोळ्यांतून पाणी. कारखान्यात लोकांना वाटलं शेठ ओरडले.

१२ मे

नाइलाजाने इथल्याच गल्लीतल्या डॉक्टरांकडे गेलो. तोंड उघडायच्या आधीच मी सांगितलं की पित्त आहे. त्यांनी बॅटरी मारली आणि म्हणाले, तोंडात बुरशी झाली आहे. आणि कॅप्सूल कोणी दिल्या? त्यांना कसं कळलं देव जाणे! म्हणाले, तोंडात चांगले जंतूपण असतात, ते बुरशीला दाबून ठेवतात. तुम्ही औषध मारून पहारेकरीच मारले, आता तिला मोकळं रान. गजकर्णावर त्या कॅप्सूलचा काडीचा उपयोग नसतो. बंद करा. लघवीत साखर आहे का तेपण तपासू, कारण साखर असली की बुरशी वारंवार होते. तपासली, नव्हती. (मी आधीच म्हणालो होतो की मी गोड कमीच खातो. दिवसातून एकदा जिलेबी.)

तोंडात लावायला जांभळं औषध दिलं. मग मान बघून म्हणाले, ती ट्यूब पहिली फेका आणि स्किनवाल्याकडे जा. तोंडाचं मी ऐकलं. मानेबद्दल बोलायला ते स्पेशालिस्ट नाहीत.

१५ मे, सकाळी

आज मुलगी बघायला जायचं. जीभ अजून पूर्ण गुलाबी नाही. औषध थोडंसं लावायला सांगितलं होतं, मी काल आणि आज मिळून निम्मी बाटली लावली. जास्त लावलं की लवकर. ट्यूबपण मानेला, काखेत, पोटावर. फुल तयारी!

१५ मे, संध्याकाळी

एकंदरीत चांगलं झालं, असं म्हणायला हरकत नाही.

दार उघडताच मामी दचकल्या. घरून निघताना आरसा बघायचं राहिलं होतं. ओठ, दात, हिरड्या, सगळं जांभळं. मी हसलो तर शेजारचं एक मूल रडायला लागलं. मी म्हटलं, येताना जांभळं खाल्ली. मामा म्हणाले, बाजारात आली का इतक्या लवकर? मी म्हटलं, आमच्याकडे बमरोलीला येतात.

जेवायला शेवभाजी. खास माझ्यासाठी, झणझणीत, वर तेलाचा तवंग. पहिल्याच घासाला तोंडात वीज पडली. पण माघार नाही. डोळे वाहत होते, नाक वाहत होतं, मी वाह वाह म्हणत होतो. मामींना वाटलं मला घरची आठवण आली. त्यांनी अजून वाढली.

धनश्री फोटोपेक्षा छान आहे. खाली मान घालून बसणारी नाही, सरळ बघते. म्हणाली, मला एकच विचारायचंय, तुमच्या मानेला काय आहे? मी म्हटलं, बन्सीलालचं. ती म्हणाली, बन्सीलालचं तुमच्या मानेवर? मी म्हटलं, हो ना, काय सांगायचं. तिच्या ओठांना काहीतरी होत होतं. लाजली असणार.

एक गोष्ट मात्र माझ्या पथ्यावर पडली. मामा टॉवेलखाली हात घालून सारखे मान खाजवत होते. मी म्हटलं, दाखवा. बिस्किट! अगदी माझ्यासारखं. बॉयलरची गरमी, दुसरं काय. खिशात ट्यूब होतीच, ती तिथल्या तिथे देऊन टाकली. म्हटलं, मामा, मी सायन्सचा माणूस आहे, बिनधास्त लावा.

२० मे

भेस्तानहून निरोप: मामांची मान साफ झाली. मामा मिलमध्ये सगळ्यांना सांगतात की आमचा होणारा जावई अर्धा डॉक्टर आहे. होणारा जावई! त्यांनी तो शब्द वापरला!! मी निरोप्याला परत विचारून खात्री करून घेतली.

साखरपुड्याची तारीख जूनच्या सुरुवातीला धरतात. आज कारखान्यात चक्क तेलाचा डाग असलेला ताका पास केला. मन थाऱ्यावर नव्हतं. इतका आनंद मला बेडूक उघडला तेव्हासुद्धा झाला नव्हता.

स्वतःची मान बघितली नाही. आज नको.

३१ मे

बन्सीलालचं पूर्ण गेलं. कमर साफ आहे, तरी रोज मलम लावतोच आहे. म्हणतो, मॅडमनं सांगतलं तितके दिवस लावतो. याला म्हणतात अंधश्रद्धा.

माझं पाठीवर गेलं आहे. आता वर्तुळं राहिली नाहीत, नकाशा झाला आहे. कातडी पातळ होऊन चकाकते, हात लावला की आग. ट्यूब लावली तरी आता फरक नाही. कंपनीने माल खराब काढला असणार.

२ जून

मामांकडून निरोप. मान, छाती, कंबर, सगळीकडे पसरलं. मामींना पण. मामींना मनगटावर, कारण त्याच टॉवेलने हात पुसतात. साखरपुडा पुढे ढकलला.

मी कळवलं की काळजी करू नका, ट्यूब दुप्पट लावा.

मग पुढची बातमी कळली. बन्सीलाल परवा भेस्तानला कोणाकडे तरी गेला होता, तिथे मामा भेटले, आणि हा शहाणा त्यांना म्हणाला, ती ट्यूब लावू नका, मी तुम्हाला मॅडमकडे नेतो. माझ्या सासऱ्यांना! मग यानेच जाऊन विचारलं, तर मॅडम म्हणाल्या म्हणे, ज्या ज्या घरात आहे त्या घरातल्या सगळ्यांना घेऊन या. म्हणून आता मलाही जायचं आहे. मी पेशंट म्हणून नाही, कुटुंबाचा प्रमुख म्हणून जाणार.

९ जून

उधन्याचा दवाखाना. बाकावर ओळीने दगामामा, शोभामामी, धनश्री, बन्सीलाल आणि कडेला मी. सगळे खाजवत होते, बन्सीलाल आणि धनश्री सोडून. ते दोघं पंख्याखाली बसले होते.

मॅडमने माझा शर्ट काढायला लावला. दिवा जवळ ओढून बघितलं. मग हिंदीत म्हणाल्या, ये किसने किया? मी म्हटलं, जिग्नेशभाई. त्यांनी समजावलं की त्या ट्यूबमध्ये लाली आणि खाज दाबणारं औषध असतं. वरून छान दिसतं, आणि तेवढ्यात आतली बुरशी निवांत पसरत जाते, कारण शरीराची लढाईच ते औषध थांबवतं. ती बंद. साधं बुरशीचं मलम, जेवणानंतर गोळी, सैल सुती कपडे, अंग कोरडं, आणि मध्येच सोडायचं नाही. बन्सीलालने सांगितलेलंच सगळं, फक्त याची फी पडली.

मग विचारलं, पहले किसको हुआ?

सगळे माझ्याकडे बघत होते. बाहेरच्या बाकावरचे दोन अनोळखी पेशंटपण वाकून बघत होते. मी बन्सीलालकडे बघितलं. तो मामांच्या मानेकडे बघत होता. आणि हा साधा माणूस, कसलाही डाव मनात नसताना, आनंदाने म्हणाला, अरे, हा तं तुहा दोरीवरचा टॉवेल हाय ना बे! हिरव्या काठाचा! मले वाटलं हरवला.

मामांनी टॉवेल मानेवरून काढला. दोन बोटांत धरून. शोभामामींनी माझ्याकडे असं बघितलं की मी शर्टची बटणं लावायला लागलो. चुकीच्या काजात लागली.

धनश्रीने माझ्याकडे पाठ केली. ती बन्सीलालला म्हणाली, तुमच्या नावावर यांनी आमच्या घरी काय काय सांगितलंय, तुम्हाला माहीत आहे का? त्याला माहीत नव्हतं. तिने सगळं सांगितलं. बन्सीलाल ऐकून घेत होता. नंतर माझ्याकडे वळून म्हणाला, मी खोली धुतली ना बे त्या दिवशी. एवढंच म्हणाला. मला वाटलं होतं शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

एक चांगली गोष्ट घडली ती नोंदवून ठेवतो. मॅडमने माझ्या मानेचा आणि पाठीचा फोटो काढला. चुकीच्या ट्यूबने काय होतं ते कॉलेजच्या पोरांना शिकवताना दाखवणार. म्हणजे शेवटी सायन्सच्या वर्गात मी गेलोच. मी केस विंचरू का विचारलं. म्हणाल्या, चेहरा नहीं चाहिए.

१० जून

मलम दोन वेळा लावलं. चादर उकळली. एकट्याने. बन्सीलालने दुसरी खोली बघितली आहे.

गादी दिवसभर रिकामी असते आता. संध्याकाळी आलो तर गार होती. आवडलं नाही मला.

१३ जून, गुरुवार

शोभामामी स्वतः आल्या होत्या. उंबऱ्याबाहेरच उभ्या राहिल्या, पाणीसुद्धा घेतलं नाही. म्हणाल्या, मामांचं उतरायला लागलंय, माझंही. तुझंही उतरेल, औषध सोडू नको.

मी म्हटलं, मग साखरपुडा आता अधिकानंतरच धरू या ना?

मामींनी पदर कमरेला खोचला. मग म्हणाल्या, पोरगी म्हणते, गजकर्ण असलेला नवरा चालेल, ते बरं होतं. स्वतःचं दुसऱ्याच्या अंगावर ढकलणारा नको. तिचं नाही म्हणणं पक्कं आहे, आमचंही.

मी शांतपणे ऐकून घेतलं. घाईने निर्णय घ्यायचा माझा स्वभाव नाही. म्हटलं, मामी, मला थोडा वेळ द्या, मी विचार करून कळवतो.

मामी म्हणाल्या, नको कळवू.